पितळी लेन्स, जुनं शटर आणि लेथवाला

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती तासन्‌तास जागची हलत नाही. रोह्यात दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, आणि त्या गर्दीत काहीच स्थिर नसतं. एकाच रेल्वेमार्गावरची ही दोन गावं मी मुद्दाम घेतली आहेत. शटर नसलेली जुनी लेन्स हाती आली तर तिचं काय करायचं, याचं उत्तर लेन्सपेक्षा तिच्यासमोर काय आहे यावर जास्त अवलंबून असतं.

अशा लेन्स अजून मिळतात. बंद पडलेल्या स्टुडिओतले हाफ प्लेट आणि फुल प्लेटचे लाकडी कॅमेरे, केरळात आलप्पुळ्याला १९४०च्या दशकापासून बनू लागलेले ‘वागीश्वरी’ फील्ड कॅमेरे, छपाईसाठी ब्लॉक करणाऱ्यांचे मोठे प्रोसेस कॅमेरे हे सगळं मुंबईच्या चोरबाजारातून फिरत फिरत हौशी माणसांपर्यंत येतं. पितळी नळी, पुढेमागे काच, मध्ये छिद्र लहानमोठं करायची सोय, आणि शटर कुठेच नाही. तिथून गैरसमजांना सुरुवात होते.

पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज असा, की शटर नाही म्हणजे लेन्स अपुरी आहे, कुणीतरी तिचं शटर काढून विकलेलं आहे. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. १८४०मध्ये योझेफ पेट्झ्वालने पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली आणि फॉइग्टलेंडरने ती घडवली, तेव्हा शटर ही गरजच नव्हती. पुढे ओल्या कोलोडियनच्या काचा आल्या, त्यांनाही प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे. छायाचित्रकार पुढची टोपी काढायचा, मनात आकडे मोजायचा आणि टोपी पुन्हा लावायचा. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. त्या पिढीने काम केलं ते याच पद्धतीने. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या जिलेटिन काचेची वाट दाखवली आणि त्यानंतरच्या दशकात तयार काचा बाजारात आल्या. प्रकाश सेकंदाच्या अंशात पुरू लागला तेव्हा कुठे यांत्रिक शटर ही रोजची गरज झाली.

प्रोसेस कॅमेऱ्याच्या लेन्सची गोष्ट वेगळी आहे. त्या विसाव्या शतकातही शटरशिवायच बनत राहिल्या, कारण सपाट चित्रावर दिवे लावून मिनिटामिनिटांचा प्रकाश देणं हेच त्यांचं काम होतं. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी ब्लॉक बनवण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात होते. त्या धंद्याचं मुख्य हत्यार अशी लेन्स. या लेन्स जवळच्या कामासाठी आखलेल्या, त्यामुळे दूरचं दृश्य त्यांत येणार नाही असंही सांगितलं जातं. पण छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२पर्यंत लहान केलं की त्यांतल्या बहुतेक लेन्स डोंगरही स्वच्छ टिपतात.

आता पेणच्या कारखान्याचं गणित करू. खिडकीच्या उजेडातली मूर्ती, १०० आयएसओची फिल्म, ३०० मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ/१६. साधारण अशा उजेडात मीटर २ सेकंद सांगेल. मूर्तीचा चेहरा जवळून हवा म्हणून भाता ४५० मिलिमीटरपर्यंत ताणला, तर लेन्स-फिल्म अंतर दीडपट झालं आणि प्रकाश दीडच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पटीने वाढवावा लागेल. झाले साडेचार सेकंद. टोपी काढताना-लावताना हाताने ०.३ सेकंदाची चूक झाली, तर ती एका स्टॉपच्या दहाव्या भागाइतकी आहे, निगेटिव्हवर दिसणारसुद्धा नाही. फिल्मऐवजी ६ आयएसओच्या आसपासचा फोटोपेपर वापरला तर हाच वेळ मिनिटाच्या पुढे जातो. (सेकंदाच्या पुढच्या वेळेला फिल्मची संवेदनशीलता घटते, बनवणाऱ्याचा तक्ता पाहून थोडा वेळ वाढवावा.) या कामासाठी शटर बसवायला हजारो रुपये घालणं मला पटत नाही. काळ्या मखमलीचं अस्तर लावलेली पुठ्ठ्याची टोपी पुरते.

पालखीचं तसं नाही. चालणारा माणूस स्पष्ट हवा तर १/६० ते १/१२५ सेकंद हवा. तिथे शटर लागणारच, आणि खरी गुंतागुंत इथून पुढे आहे.

‘आटे जुळवले की झालं’, असं अनेकांना वाटतं. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत असो की पेणच्या बाजारपेठेत, चांगला टर्नर लेथवर कुठलीही रिंग करून देईल, आणि ते खरंही आहे. पण त्याला काय करायचं ते नेमकं सांगावं लागतं. आधुनिक कोपाल शटरांचे आटे ठरलेले आहेत. कोपाल ० ला पुढेमागे २९.५ मिलिमीटर व्यास आणि ०.५ मिलिमीटर पिच. कोपाल १ ला पुढे ४० आणि मागे ३६ मिलिमीटर, पिच ०.७५, कोपाल ३ ला दोन्हीकडे ५८ मिलिमीटर आणि पिच ०.७५. जुन्या लेन्सना असा कुठलाही एक नियम नाही. ब्रिटिश कारखान्यांचे आटे इंचात, जर्मनांचे वेगळे, आणि एकाच कारखान्याच्या दोन दशकांतही फरक. म्हणून कागदावर आकडे लिहून नेण्यापेक्षा लेन्स आणि शटर दोन्ही लेथवाल्याच्या हातात द्यावीत आणि समोर बसून काम करून घ्यावं.

आटे जुळल्यावरही मुख्य प्रश्न उरतो तो अंतराचा. लेन्सचा पुढचा आणि मागचा काचसंच यांतलं अंतर आखणाऱ्याने हिशेबाने ठरवलेलं असतं. नळीतून दोन्ही संच काढून शटरच्या दोन तोंडांना लावायचे असतील तर ते अंतर तेच राहायला हवं. ते बदललं की फोकल लेंग्थ थोडी सरकते, कडा बिघडतात, मऊपणा येतो. टेसारसारख्या आखणीत मिलिमीटरच्या काही दशांशांनीही फरक दिसतो. १८६६च्या रॅपिड रेक्टिलिनियर घराण्यातल्या लेन्स थोडं जास्त सहन करतात. त्यामुळे नळी उघडण्याआधी व्हर्नियरने दोन संचांच्या बैठकींमधलं अंतर मोजून लिहून ठेवणं ही पहिली पायरी. कमी पडलं तर पितळी पत्र्याची पातळ चकती घालता येते. शटर मुळातच जाड असेल आणि अंतर जास्त होत असेल, तर ते शटर त्या लेन्सचं नाही, हे मान्य करावं.

दुसरी वाट म्हणजे लेन्सला हातच न लावता ती अख्खीच्या अख्खी मोठ्या शटरच्या पुढच्या तोंडावर बसवायची. अंतर बिघडत नाही, नळी कापावी लागत नाही, आणि रिंग काढली की लेन्स पुन्हा होती तशी. मला हीच वाट जास्त आवडते. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू आपल्या सोयीसाठी कायमची कापू नये. या वाटेची मर्यादा अशी, की लेन्सच्या मागे पडणारा प्रकाश तिरपा येतो तेव्हा शटरचं तोंड त्याला अडवू शकतं आणि चित्राचे कोपरे काळवंडतात. तपासायला उपकरण लागत नाही. ग्राउंड ग्लासच्या कोपऱ्यात डोळा नेऊन लेन्सकडे पाहावं. कामाच्या स्टॉपवर छिद्र पूर्ण गोल दिसलं तर कोपरा सुरक्षित. कडेने चिरलेलं दिसलं तर प्रकाश अडतो आहे. शिवाय जड पितळी पेट्झ्वाल पोर्ट्रेट लेन्स छोट्या शटरच्या तोंडावर टांगू नये, शटरचा सांगाडाच वाकतो.

मोठ्या शटरची उघडझाप हळू असते, म्हणून ते निरुपयोगी, हाही समज पारखून घ्यावा. कोपाल ० चं तोंड २४ मिलिमीटर आणि वेग १/५०० पर्यंत. कोपाल १ चं ३० मिलिमीटर आणि १/४००. कोपाल ३ चं ४५ मिलिमीटर आणि १/१२५. पाती मोठी झाली की त्यांना पळायला वेळ लागणारच. पण रोह्याच्या लख्ख सकाळी १०० आयएसओला एफ/१६ वर जवळजवळ १/१२५च लागतो. पालखी कोपाल ३ वर आरामात येईल.

सर्वांत जास्त फिल्म वाया घालवणारा गैरसमज छिद्राच्या आकड्यांचा आहे. शटरवर कोरलेली एफ/८, एफ/११, एफ/१६ ही पट्टी त्या शटरवर पूर्वी जी लेन्स होती तिची असते. तुमची लेन्स बसवल्यावर ती पट्टी खोटी. एफ-आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/८ हवा तर समोरून ३७.५ मिलिमीटरचं छिद्र दिसायला हवं. १५० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढंच छिद्र एफ/४ होतं. ‘समोरून दिसणारा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पुढची काच छिद्र मोठं करून दाखवते. पात्यांमधलं छिद्र पट्टीने मोजून केलेला हिशेब म्हणून चुकतो. बरोबर मोजायची जुनी रीत सोपी आहे. कॅमेरा दूरच्या वस्तूवर फोकस करायचा, खोलीत अंधार करायचा, ग्राउंड ग्लासच्या जागी मधोमध सुईचं छिद्र पाडलेला काळा कागद लावून मागे दिवा धरायचा. लेन्समधून बाहेर पडणारा झोत समांतर असतो. पुढे पांढरा कागद धरला की त्यावरच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे हवी ती संख्या. एकेका स्टॉपला असं मोजून नवी पट्टी लेन्सबोर्डवर चिकटवावी.

जुन्या नळीवर आकडे असतील तेही तपासावेत. काही लेन्सवर ‘यूएस’ पद्धतीचे आकडे असतात: त्यातला ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, ३२ म्हणजे एफ/२२. फक्त १६ हा आकडा दोन्हींत सारखा, आणि तोच माणसाला फसवतो. छिद्र बदलायला पाती नसून नळीला फट असेल, तर तिथे छिद्र पाडलेल्या पितळी पट्ट्या सरकवायच्या असतात. १८५८मध्ये जॉन वॉटरहाऊसने ही युक्ती काढली. हरवलेल्या पट्ट्या काळ्या जाड कागदाच्याही करता येतात.

आता खुद्द जुन्या शटरकडे. मंद चालतं म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडणं हा आपल्याकडचा घरगुती उपाय, आणि तो शटर मारतो. पात्यांवर तेल पसरलं की ती एकमेकींना चिकटतात, धूळ धरतात. पाती कोरडीच चालायची असतात. आतल्या गाड्यात ठराविक टोकांवर घड्याळाच्या तेलाचा सूक्ष्म थेंब एवढंच चालतं. फ्रीडरिश डेकेलच्या कंपाउंड शटरमध्ये तर वेग ठरवणारा छोटा हवेचा सिलिंडर आणि दट्ट्या असतो, त्यात तेलाचा अंशही नको. पूर्ण शटर पेट्रोलमध्ये बुडवणंही धोक्याचं, कारण काही जुन्या शटरची पाती कडक रबराची किंवा दाबलेल्या कागदाची असतात आणि ती वाकतात. डेकेलच्याच १९१२पासूनच्या कॉम्पुरमध्ये आत घड्याळासारखी चाकं आहेत. ती घड्याळजीकडे, पण काचा आधी काढून, द्यावीत.

वेग चुकीचा म्हणून शटर टाकून देण्याचीही गरज नसते. १/१०० लिहिलेलं शटर दर वेळी १/६० देत असेल तर ते उत्तम शटर आहे. तुम्ही १/६० धरा. एकदा १/६०, एकदा १/२० असं बेभरवशाचं असेल तरच दुरुस्ती. हळू वेग मोबाइलच्या २४० फ्रेमच्या चित्रणात मोजता येतात: १/३० ला सुमारे ८ फ्रेम उघडी दिसतात. १/१०० ला जेमतेम दोनच, म्हणून तिथे ही रीत धरू नये, प्रकाशसंवेदक लावून मोजावं.

लेन्सला अजिबात न जोडता चालणारी शटरंही आहेत. इंग्लंडच्या थॉर्नटन-पिकार्डचं काळ्या कापडाच्या पडद्याचं शटर टोपीसारखं लेन्सच्या तोंडावर बसतं. कापडाला भोकं पडली तर कापड बदलता येतं. अमेरिकेतल्या कॅलामझूचं पॅकार्ड शटर कॅमेऱ्याच्या आत, लेन्सबोर्डच्या मागे बसतं आणि रबरी फुगा दाबला की उघडतं. रबर कुजलेलं असतं, पण नळी आणि फुगा नवा घालणं पाच मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे चार-पाच पितळी लेन्स आहेत त्याने प्रत्येकीला शटर शोधत बसण्याऐवजी एक पॅकार्ड आणि सगळ्यांना एकाच मापाचे लेन्सबोर्ड करावेत. स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढेच पडद्याचं शटर असतं, १/१००० पर्यंतचं. तिथे शटर नसलेली लेन्स सरळ चालते.

राहिली इथली हवा. रायगडात पावसाळ्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि जुन्या लेन्सला सर्वांत मोठा धोका त्याचाच. बुरशी चढली की लेन्स उन्हात ठेवावी, हा सल्ला अर्धाच खरा आहे. ऊन बुरशी थांबवू शकतं, पण काचेवर उमटलेल्या खुणा पुसत नाही, आणि कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या काचा तापून सुटू शकतात. बाल्समच्या कडेला आलेला थोडा पिवळेपणा किंवा दोन-चार बारीक ओरखडे यांनी चित्र बिघडत नाही, तेवढ्यासाठी काचा उघडायला लावू नये. ज्येष्ठ ते भाद्रपद लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, महिन्यातून एकदा जेल तापवून कोरडं करावं, आणि शटर प्रत्येक वेगावर दहा-बारा वेळा चालवून पुन्हा डब्यात ठेवावं.