आंतरवासितेचे २० आठवडे

शिक्षक घडतो तो व्याख्यानांनी की वर्गाने, हा वाद जुना आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षावरून दोन वर्षांचा झाला व त्यात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली, तेव्हा वादाचा निकाल वर्गाच्या बाजूने लागला असे वाटले. यामागे न्या. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता. आणि सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग नेमला तो महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातून, हे आपण विसरता कामा नये.

प्रत्यक्षात काय घडते? माझी एक माजी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी आंतरवासितेस गेली. टाचणे काढली, पाठ दिले. उरलेला काळ रजेवरील शिक्षकांचे तास सांभाळण्यात गेला. कृतिसंशोधनाचा अहवाल आदल्या वर्षीच्या अहवालावरून बेतला गेला. मात्र हजेरीपट भरताना तिच्या ध्यानात आले की, आठवीची बरीच मुले दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, गैरहजर असतात. आणि गणिताचा नवा भाग नेमका त्याच दिवशी सुरू होतो. तिने हे मुख्याध्यापकांच्या कानी घातले. उत्तर मिळाले, "बाई, तुम्ही पाहुण्या. पाठ संपवा आणि सुखाने जा."

संशोधन म्हणजे याहून निराळे काय असते? आणि शाळेचे नेतृत्व तरी? दोहोंचा आरंभ तिने केला होता. गुण मात्र मिळाले ते नकललेल्या अहवालाला.

अर्थशास्त्राचा साधा नियम आहे : जे श्रम फुकट मिळतात, त्यांची उधळपट्टी होते. छात्राध्यापकाला विद्यावेतन द्यावे, हा पहिला उपाय. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. कृतिसंशोधनाचा प्रश्न त्या शाळेच्याच हजेरीपटातून वा उत्तरपत्रिकांतून निघावा, तेथील एका शिक्षकाने त्यात भागीदार व्हावे, आणि निष्कर्ष शिक्षकांच्या सभेत वाचला जावा. गुण त्या वाचनाला असावेत.

२०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. वर्षे वाढवणे सोपे आहे. परंतु नवशिक्याने विचारलेला प्रश्न ऐकण्याची सवय शाळांना लागली नाही, तर मंगळवारची ती मुले गणितात नापासच होत राहतील, आणि दोष त्यांच्या बुद्धीला दिला जाईल.