विश्लेषण : औषधांवर निर्बंध नव्हते, तरी इराणची कोंडी का झाली? करोना तिथे राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न कसा बनला?

इराणने १९ फेब्रुवारी २०२० रोजी कोम शहरात करोनाचे पहिले दोन बळी जाहीर केले. दोनच दिवसांनी देशात संसदेची निवडणूक होती. ती पुढे ढकलली गेली नाही. कोममधील हजरत मासूमा दर्गा बंद व्हायला तर १६ मार्च उजाडला.

साथ आली तेव्हा परिस्थिती काय होती?

मे २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले. ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेने जनरल कासिम सुलेमानी यांना ठार केले. ८ जानेवारीला रिव्होल्युशनरी गार्ड्सच्या क्षेपणास्त्राने युक्रेनचे प्रवासी विमान पाडले आणि १७६ जणांचा जीव गेला. सरकारने तीन दिवस हे नाकारले. त्यामुळे करोनाच्या सरकारी आकड्यांवर लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. निवडणुकीत जेमतेम ४२ टक्के मतदान झाले. १९७९ च्या क्रांतीनंतरचा तोवरचा हा नीचांक होता. सर्वोच्च नेते अली खामेनी यांनी त्याचे खापर परदेशी माध्यमांवर फोडले.

औषधांना सूट, मग अडचण कुठे?

कागदावर औषधे निर्बंधमुक्त होती, पण त्यांचे पैसे बँकेमार्फतच द्यावे लागतात. इराणशी व्यवहार केल्यास अमेरिका दंड करील, या धास्तीने परदेशी बँका वैध व्यवहारही टाळत. युरोपने पर्याय म्हणून उभारलेल्या ‘इन्स्टेक्स’चा पहिला व्यवहार मार्च २०२० मध्ये झाला. त्याच महिन्यात इराणने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ५ अब्ज डॉलर मागितले. अमेरिकेने विरोध केला आणि कर्ज मिळाले नाही.

लष्कर यात कसे आले?

हा जैविक हल्लाही असू शकतो, असे म्हणत खामेनी यांनी मार्चमध्ये साथनियंत्रणात लष्कराला उतरवले. ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ने इस्फहानसाठी ५० खाटांचे फिरते रुग्णालय पाठवले होते, त्याची परवानगी रद्द झाली. १०० मीटरवरून विषाणू ओळखणारे यंत्र बनवल्याचा दावा गार्ड्सनी एप्रिलमध्ये केला. इराणच्याच भौतिकशास्त्रज्ञांनी तो खोडून काढला.

लशींचे काय झाले?

८ जानेवारी २०२१ रोजी खामेनी यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश लशींच्या आयातीवर बंदी घातली. कारण दिले अविश्वासाचे. ऑगस्टमध्ये डेल्टाच्या लाटेत दिवसाला ७०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. जूनच्या अध्यक्षीय निवडणुकीत इब्राहिम रईसी जिंकले, मात्र मतदान ४९ टक्क्यांच्याही खाली राहिले. ते सत्तेवर आल्यावर आयात वाढली. त्यात मोठा वाटा चिनी लशींचा होता.

याचा अर्थ काय?

निर्बंधांमुळे पैशांची वाट अडली, हे खरेच. पण रुग्णालय परत पाठवणे आणि लस नाकारणे हे निर्णय तेहरानचे होते. परकीयांवर संशय हा तिथल्या सुरक्षा धोरणाचा पाया आहे. निर्बंधांनी तो संशय आणखी पक्का केला आणि त्याची किंमत सामान्य रुग्णांनी मोजली.