रुग्ण नव्हे, विद्यार्थी

माझी मावशी इस्पितळातून आमच्या घरी राहायला आली तेव्हा मी बारावीत होते. औषधांनी तिची झोप परत आली होती, भीतीही ओसरली होती. पण दिवसभर ती खिडकीशी बसून राही. घरातले सारे तिला एकच प्रश्न विचारीत : "गोळी घेतलीस का?" आजार जातो, पण 'आजारी' हा शिक्का मागे उरतो, हे मला तेव्हा कळले. तो शिक्का पुसण्याचा एक मार्ग चित्रकलेच्या वर्गातून जातो. त्याविषयी थोडे सांगावे म्हणून हा लेख.

या कामाला नाव मिळाले ते एका क्षयरोग्यामुळे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली मिडहर्स्टच्या आरोग्यधामात उपचार घेत होता. तेथे तो चित्रे काढू लागला आणि पुढे इतर रुग्णांनाही त्याने त्याची गोडी लावली. १९४२ मध्ये त्याने यास 'आर्ट थेरपी', म्हणजे कलोपचार, असे नाव दिले. १९४६ पासून एडवर्ड ॲडमसन यांनी नेदर्न येथील मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. तेथील पथ्य साधे होते : कागद, रंग व निवांत जागा द्यायची, काय काढावे ते सांगायचे नाही आणि काढलेल्याचा अर्थ लावीत बसायचे नाही. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये डॉ. नीझी दा सिल्वेरा यांनी विजेचे झटके देण्यास नकार देऊन रुग्णांच्या हाती कुंचले दिले. त्या चित्रांचे १९५२ मध्ये रिओ शहरात संग्रहालयच उभे राहिले.

परंतु हे सारे इस्पितळाच्या भिंतींआड. खरा बदल झाला तो हे वर्ग वस्तीत आल्यावर. इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे १९९४ मध्ये 'चिठ्ठीवर कला' हा उपक्रम सुरू झाला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणूस औषधाच्या दुकानात न जाता कलावर्गात जाऊ लागला. २००९ मध्ये लंडनमध्ये 'रिकव्हरी कॉलेज' ही कल्पना प्रत्यक्षात आली. येथे येणारा आपले नाव नोंदवतो आणि अभ्यासक्रम स्वतः निवडतो. शिकवणाऱ्यांत स्वतः अशा आजारातून गेलेली माणसेही असतात. म्हणजे येथे कोणी रुग्ण नाही, सारे विद्यार्थीच!

मग अशा वर्गात नेमके घडते तरी काय? ठरलेल्या वारी घराबाहेर पडायला कारण मिळते. हात गुंतले की मनातले चक्र काही काळ थांबते. शब्दांत सांगता येत नाही ते कागदावर ठेवता येते. "जरा तो निळा रंग द्या" एवढ्यावरून शेजाऱ्याशी बोलणे सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्यास उपयोग होतो असे नमूद केले आहे. अर्थात चित्रकला ही औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला. मावशीच्या गोळ्या आजही चालू आहेत.

आमच्या गल्लीतील एक निवृत्त चित्रकला शिक्षक शनिवारी मोठ्यांचा वर्ग घेतात. मावशी तेथे पहिले दोन शनिवार कोऱ्या कागदासमोर बसून आली. गुरुजींनी काही विचारले नाही. तिसऱ्या शनिवारी तिने एक तांब्या काढला, तोही वाकडा. पुढे एकदा आईने नेहमीप्रमाणे गोळीचे विचारले, तेव्हा चप्पल घालता घालता ती म्हणाली, "घेतली गं ताई. मला उशीर होतोय, माझा वर्ग आहे!" 'माझा वर्ग' हे दोन शब्द आईने दिवसभर सर्वांना सांगितले.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. पण त्यांना आपल्यात बसायला जागा द्यायची कोणी? शनिवारी दुपारी आपल्या महाविद्यालयातील किती खोल्या रिकाम्या असतात, हे आपण सारे जाणतो. काही बाके, कागदाचा गठ्ठा, रंगाच्या पेट्या आणि शिकवण्याची हौस असलेले चार जण, एवढ्यावर असा वर्ग सुरू होऊ शकेल. जवळच्या मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मात्र आधी घ्यावा. प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे, ही विनंती. पहिल्या दिवशी बाके मांडायला मी येईन. मावशीनेही यायचे कबूल केले आहे, तांब्या कसा काढावा हे शिकवायला!