आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी : आधी मोजावे, मग वापरावे

घरगुती आरओ यंत्र किती पाणी वाया घालवते, याचे मोजमाप सहसा कोणी करीत नाही. ते सोपे आहे. यंत्रातील शुद्ध पाण्याची टाकी रिकामी करावी, टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडावी आणि टाकी भरेपर्यंत जमलेले पाणी मापावे. अनेक घरांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी मोरीत जात असल्याचे आढळेल. रोज दहा लिटर पिण्याचे पाणी लागणाऱ्या कुटुंबात हा आकडा वर्षाला जवळजवळ ११ हजार लिटरवर पोहोचतो.

मुळात या यंत्राची गरज आहे का, हे प्रथम तपासणे योग्य. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांची (टीडीएस) स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्याहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरास मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. धरणाच्या किंवा नदीच्या नळपाण्याला बहुधा यूव्ही अथवा यूएफ यंत्र पुरते. मात्र फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट असलेल्या भूजलाचा निर्णय केवळ टीडीएस पाहून घेऊ नये. प्रयोगशाळेचा अहवालच प्रमाण मानावा.

पाणी वाया का जाते? मेम्ब्रेन म्हणजे कापडी गाळणे नव्हे. दाबाखाली पाणी पलीकडे जाते, क्षार मागे राहतात आणि ते वाहून नेण्यासाठी काही पाणी सतत वाहते ठेवावे लागते. हा प्रवाह टाकाऊ नळीवरील फ्लो रिस्ट्रिक्टर ठरवतो. तो बदलून बचत करून देतो, असे सांगणारे कारागीर भेटतात. येथे थोडे गणित आवश्यक आहे. मूळ पाण्याचा टीडीएस ६०० असून मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवत असेल, तर एकास तीन या प्रमाणात टाकाऊ पाण्याचा टीडीएस ७८० होतो. एकास एक केल्यास तो ११४० वर जातो. पाणी जड असेल तर मेम्ब्रेनवर चुन्याचा थर बसून ते लवकर निकामी होते. म्हणून कठीण पाण्याच्या गावात हा उपाय जपूनच करावा.

निर्धोक उपाय वेगळे आहेत. तुंबलेला सेडिमेंट फिल्टर दाब घटवतो; तो वेळेवर बदलावा. टाकी भरून यंत्र थांबल्यानंतरही टाकाऊ नळी वाहत असेल, तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बिघडला आहे. हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. थंड पाणी मेम्ब्रेनमधून सावकाश जाते. त्यामुळे उत्तर भारतात हिवाळ्यात नासाडी वाढते, तो यंत्राचा दोष नव्हे.

उरलेले पाणी फरशी पुसणे, शौचालय आणि भांड्यांची पहिली धुणावळ यांसाठी उत्तम. परंतु साठवण करताना एक धोका कीटकशास्त्रज्ञ या नात्याने सांगणे भाग आहे. कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या आधीच क्लोरीन काढून टाकतो. साहजिकच टाकाऊ पाणीही स्वच्छ आणि क्लोरीनविरहित असते, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हवे तसे. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. बादलीवर घट्ट झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासावी. नुसती ओतून देणे पुरेसे नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरड्या स्थितीतही अनेक महिने जिवंत राहतात.

परसबागेत हे पाणी सरसकट घालू नये. टीडीएस ११४० म्हणजे विद्युतवाहकता सुमारे १.८ डेसिसायमन प्रति मीटर. घेवडा, गाजर, कांदा यांना ते सोसत नाही, टोमॅटोलाही सीमेवरचेच, बीट मात्र तग धरते. कुंडीत क्षार साचतात, म्हणून दोन-तीन पाण्यांनंतर एकदा साधे पाणी भरपूर घालून निचरा होऊ द्यावा. आर्सेनिक वा फ्लोराइडग्रस्त भागातील टाकाऊ पाण्यात हे घटक अधिक तीव्र झालेले असतात. ते भाजीला किंवा जनावरांना कधीच देऊ नये.

फवारणीसाठीही ते टाळावे. कठीण पाण्यातील कॅल्शियममुळे साबण फुटतो आणि निंबोळी तेलाचे मिश्रण एकजीव न होता तेल वर तरंगते. अशा फवाऱ्याने मावा तर मरत नाहीच, उलट पाने करपतात. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाचा परिणामही अशा पाण्यात घटतो. फवारणीचे द्रावण पावसाच्या साठवलेल्या किंवा कमी क्षाराच्या नळपाण्यातच करावे.