गावाची शहरातली खोली

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या परिसरात मराठ्यांची आणि निजामाची फौज एकमेकांना भिडली. पुण्याहून सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस आले होते, शिंदे, होळकर, भोसले यांची पथकं आली होती. निजाम अली खानाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि शेवटी तह करावा लागला. पेशवा तेव्हा वीस वर्षांचा होता. आज त्याच वयाची खर्ड्याची मुलं-मुली पाठीला सॅक लावून पुण्याची वाट धरतात.

त्यांनी का जाऊ नये? खर्ड्याचा जामखेड तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांलगतचा, पर्जन्यछायेतला. ज्वारी, तूर, उडीद हे सगळं पावसाच्या भरवशावर. दोन भावांत वाटणी झाली की वाट्याला येणाऱ्या रानात एका घराचं भागत नाही. दिवाळी उरकली की या टापूतली किती तरी कुटुंबं कोयते घेऊन कारखान्याच्या तळावर जातात. खर्ड्याला रेल्वे नाही. पदवीपर्यंतचं शिक्षण जवळपास होतं, पण अभियांत्रिकी, नर्सिंग किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी म्हटलं की आधी नगर आणि मग पुणे.

गावात या जाण्याची चर्चा होते ती मार्कांवरून, फीवरून, फार तर नोकरीवरून. खरी अडचण पुण्यात उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळते: राहायचं कुठं? सदाशिव पेठेत, नव्या पेठेत एका खोलीत चार-पाच जण ‘कॉट बेसिस’वर राहतात. डिपॉझिट, मेस, अभ्यासिकेची फी हे सगळं महिना सुरू होण्याआधी द्यावं लागतं. घरून पैसे येतात ते माल विकला की. खोलीमालकाला मात्र पाच तारखेला हवे असतात. हुशार पोरं पहिल्या वर्षात परत येतात, त्यांतली बरीचशी या हिशेबानं येतात.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. खेड्यातल्या मुलाला शाळा उघडी असून उपयोग नाही, त्याला शहरात रात्रीचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहिली. शिकायला कोल्हापुरात आलेले भाऊराव पाटील तिथल्या जैन वसतिगृहात राहिले होते. १९१९ साली त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून शिकलेल्या पिढ्या त्या पंक्तीचं देणं लागतात.

पुण्यात हेच काम १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीच्या रूपानं सुरू केलं. ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना राहण्या-जेवणाची सोय आणि सोबत ‘कमवा आणि शिका’ची शिस्त, असं तिचं रूप. सरकारची समाजकल्याण वसतिगृहं आहेत. तिथं जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली: भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. हप्ता उशिरा जमा होतो, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार, कारण खोलीमालक हप्त्यासाठी थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय मोठा आहे. पण आई-वडील मुलीला पाठवताना फीच्या आधी विचारतात, ‘राहील कुठं?’

परीक्षेच्या तारखेशीही हा हिशेब बांधलेला आहे. १४ मार्च २०२१ ला होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी कोरोनामुळे पुढं ढकलली गेली आणि पुण्यात नव्या पेठेत विद्यार्थी रस्त्यावर बसले. परीक्षा २१ मार्चला झाली. बाहेरच्यांना तो आठवड्याचा प्रश्न वाटला. त्याआधीही तारखा पुढं गेल्या होत्या, आणि प्रत्येक लांबणीत खेड्यातल्या घरानं आणखी भाडं, आणखी मेसचे पैसे भरले होते.

या बाबतीत गोव्याच्या गावांकडून शिकण्यासारखं आहे. मुंबईला बोटीवर नोकरी शोधायला जाणाऱ्या गोंयकारांसाठी गावागावांनी धोबीतलावाच्या आसपास ‘कूड’ चालवले. कूड म्हणजे गावाच्या नावाची मोठी खोली: पेटी ठेवायला जागा, पथारी पसरायला जागा, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, भाडं नाममात्र. बोट मिळेपर्यंत माणूस तिथं राही आणि त्याला शहरात परकं वाटत नसे. गिरणगावातही घाटावरच्या गावांनी चाळींत अशाच खोल्या धरल्या होत्या. पाळीपाळीनं झोपून, एका खानावळीत जेवून माणसं गिरणीत टिकली, आणि त्यांच्या मनीऑर्डरवर गावाकडची घरं चालली.

आज खर्ड्याचे किती तरी लेकी-लेक पुण्यात स्थिरावले आहेत. शिक्षक, पोलीस, परिचारिका, आयटीत काम करणारे. दिवाळीला ते गावी येतात, शाळेला खुर्च्या देतात, मंदिराला वर्गणी देतात. तीच वर्गणी एकदा पुण्यातल्या दोन खोल्यांसाठी गोळा व्हावी, एक मुलांची आणि एक मुलींची. गावातून नव्यानं आलेल्याला पहिलं वर्ष तिथं राहता यावं, भाडं नोकरी लागल्यावर द्यावं, आणि देणाऱ्याच्या पैशातून पुढच्याची सोय व्हावी. देखरेखीला गावचीच एखादी ताई किंवा दादा असला, की घरचेही निर्धास्त. शाहू महाराजांनी संस्थानाच्या बळावर केलं, भाऊरावांनी लोकवर्गणी आणि धान्य मागून केलं. एका गावाला दोन खोल्या जड नाहीत. या दिवाळीत सगळे गावी जमतील, तेव्हा ग्रामसभेत हा विषय निघावा.