मूल नसेल, तर सवलतही नावापुरती

अमेरिकेत कमी पगारावर राबणाऱ्यांसाठी ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ ही आयकर सवलत १९७५ साली आली. भरायच्या करापेक्षा सवलत जास्त निघाली, तर वरची रक्कम सरकार हातात देतं. मूल नसलेल्यांना तिचं दार १९९४ मध्ये उघडलं, तेही किलकिलं. २०२४ सालासाठी तीन मुलं असलेल्याला कमाल ७,८३० डॉलर, मूल नसलेल्याला ६३२. शिवाय मूल नसलेल्याचं वय २५ ते ६४ असावं लागतं. ताशी ७.२५ डॉलर या केंद्रीय किमान वेतनावर वर्षभर पूर्णवेळ काम केलं, तर एकट्या माणसाची कमाई १५,०८० डॉलर होते. तोवर ही ६३२ची सवलत निम्म्याहून खाली घसरलेली असते. आणि १८,५९१ डॉलरला ती शून्य!

करोनाकाळात, फक्त २०२१ पुरती, मूल नसलेल्यांसाठी कमाल रक्कम १,५०२ डॉलर झाली, बहुतेकांसाठी किमान वय १९ वर आलं आणि वरची वयोमर्यादा उठली. पुढच्याच वर्षी सगळं पूर्ववत. गंमत म्हणजे २०१४ मध्ये डेमोक्रॅट ओबामा आणि रिपब्लिकन पॉल रायन यांनी वाढीचे जवळजवळ सारखेच प्रस्ताव मांडले होते. अडलं ते पैसा कुठून आणायचा, यावर.