नाव, गाव आणि शोधयंत्र : सांगोल्यातील लहान व्यवसायांच्या नोंदींचा भाषिक विचार

तालुक्याच्या गावी एखादे दुकान शोधावयाचे असेल, तर परका मनुष्य स्टँडवर उतरून पहिल्या भेटेल त्याला विचारीत असे. विचारणाराची भाषा मोडकीतोडकी असो, नाव अर्धवट असो. सांगणारा गावचा असल्यामुळे प्रश्नातील उणीव तो स्वतःच्या माहितीने भरून काढी. हाच प्रश्न आता भ्रमणध्वनीवरील शोधयंत्राला विचारला जातो. यंत्र गावचे नाही. त्याला जे लिहून दिले आहे, तेवढ्यावरच ते उत्तर देते. म्हणून लहान व्यवसायाची स्थानिक शोधातील दृश्यता हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा असला, तरी त्याचा मोठा भाग भाषेचा आहे. प्रस्तुत लेखात या भागाचा विचार सांगोल्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

सांगोला निवडण्याचे कारण असे. माण नदीच्या काठचा हा अवर्षणप्रवण तालुका डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. रत्नागिरीकडून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ येथूनच जातो; पंढरपूर जवळ आहे. अशा ठिकाणी रोपे, खते, ठिबकची दुरुस्ती किंवा माल भरण्याची खोकी यांचा शोध घेणारा ग्राहक पुष्कळदा आटपाडी, जत, मंगळवेढा येथील अथवा परप्रांतीय असतो. गावातल्या ग्राहकाला दुकान ठाऊकच असते. शोधयंत्राची खरी गरज या परक्या ग्राहकाला असते, आणि तो दुरावला तर लहान दुकानदाराचे नुकसान होते. मात्र झालेले नुकसान त्याला दिसतही नाही, कारण न आलेला ग्राहक तक्रार करीत नाही.

स्थानिक उत्तरांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरतो, असे गूगलने स्वतःच प्रसिद्ध केले आहे : प्रश्नाशी असलेला संबंध, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे देऊन जाहिरात करता येते, परंतु तिच्या खालचा नैसर्गिक क्रम कंपनीकडून विकत घेता येत नाही. ‘तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे दूरध्वनीवरून सांगणारांच्या बोलण्याचे मोल यावरून ठरवावे. या तिहींपैकी अंतर दुकानदाराच्या हाती नाही. प्रसिद्धी हळूहळू मिळते. संबंध मात्र शब्दांवरून ठरतो, आणि अभ्यासकाने लक्ष घालावे असे स्थळ तेच आहे.

प्रथम ग्रामनाम घेऊ. ‘सांगोला’ आणि ‘सांगोले’ ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात. पैकी पहिले पुल्लिंगी, तर दुसरे नपुंसकलिंगी आहे. परंतु विभक्तिप्रत्यय लागताच दोहोंचे सामान्यरूप एकच होते : सांगोल्यात, सांगोल्याचा, सांगोल्यातील. मराठी माणूस प्रश्न विचारताना बहुधा हे सामान्यरूपच वापरतो, तर नोंदीत प्रथमेचे रूप असते. गावच्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. यंत्राला तो शिकावा लागतो.

दुसरा प्रश्न मालाच्या नावांचा. अनुस्वारापूर्वीचा इकार ऱ्हस्व लिहावा या नियमाप्रमाणे ‘डाळिंब’ हे रूप शुद्ध होय. व्यवहारात ‘डाळींब’ही तितकेच चालते. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला की ‘ड’ आणि ‘द’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद नाहीसा होतो. याहून महत्त्वाची अडचण अनेकार्थतेची आहे. रोपे विकणारा आपल्या दुकानाला ‘नर्सरी’ म्हणतो; पण हाच शब्द शिशुवर्गालाही लावला जातो. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. तेव्हा ‘औषधांचे दुकान’ म्हणजे कृषी सेवा केंद्र की माणसांच्या औषधांचे दुकान, हे संदर्भानेच ठरते. नोंद करताना जो व्यवसायप्रवर्ग निवडावा लागतो, त्याचे कार्य नेमके हेच आहे : शब्दाचा संदर्भ निश्चित करणे. प्रवर्ग चुकीचा किंवा फार व्यापक निवडला, तर अर्थ संदिग्ध राहतो.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲग्रो’ या शब्दातील पहिले अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाते : ‘अ’ला चंद्राचे चिन्ह जोडून, किंवा युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झालेल्या स्वतंत्र ‘ॲ’ने. कागदावर दोन्ही सारखीच. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे अक्षरक्रम आहेत. ‘शेतकऱ्यांसाठी’ यातील रफाराचीही हीच गत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने वाक्यातील संदर्भ ओळखणारी पद्धती मराठीसह सत्तर भाषांतील शोधाला लागू केली; मग या भेदांची चिंता कशासाठी? आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु यंत्र दोन रूपांचा मेळ घालू शकते तो दोन्हीकडे काही मजकूर असेल तेव्हा. ज्या नोंदीत नाव आणि दूरध्वनी क्रमांक यांपलीकडे काहीच नाही, तिच्याशी प्रश्नाचा मेळ कशाच्या आधारे घालावयाचा?

यावर काही दुकानदार एक सोपा उपाय योजतात. दुकानाच्या नावातच गावाचे नाव आणि चार-पाच मालांची नावे गुंफतात. हा उपाय गैर आहे. व्यवसायाचे नाव व्यवहारात आणि फलकावर जसे असेल तसेच द्यावे असा गूगलचा नियम असून, तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. येथे आपल्या राज्यातील कायद्याचाही विचार करणे प्राप्त आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक झाला आहे. फलक मराठीत आणि नकाशावरील नोंद केवळ रोमन लिपीत, ही विसंगती दूर करणे हे दुकानदाराच्या हिताचे आहे. फलकाचे छायाचित्र नोंदीस जोडले म्हणजे दारात आलेल्या परक्याचीही खात्री पटते.

तेव्हा कर्तव्य काय? नाव फलकाप्रमाणे, प्रवर्ग शक्य तितका नेमका, नकाशावरील खूण प्रत्यक्ष दारावर, वेळ आणि आठवड्याची सुट्टी खरी. सेवांच्या यादीत ग्राहकाच्या तोंडचे शब्द असावेत : ‘ठिबक’ आणि ‘ड्रिप’, ‘रोपवाटिका’ आणि ‘नर्सरी’ दोन्ही. ग्राहकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती अवश्य करावी, आणि तो त्यांनी आपल्या बोलीत लिहावा. ‘छान’ या एका शब्दापेक्षा ‘भगव्याची रोपे नेली, सगळी जगली’ हे वाक्य पुढच्या ग्राहकाला अधिक सांगते. अभिप्राय विकत मात्र घेऊ नयेत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक असले, तरी त्यामागील तत्त्व सचोटीचे आहे.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे एक क्षेत्र मोकळे आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतील फलक, नोंदी आणि ग्राहकांचे प्रत्यक्ष प्रश्न यांची तुलना केल्यास सामान्यरूप, लिप्यंतर आणि व्यवसायबोली यांविषयी बरीच सामग्री हाती येईल. हे काम दुकानदाराच्याही उपयोगी पडेल. स्टँडवर वाट सांगणारा मनुष्य आपल्या वतीने बोलत असे. त्याच्या जागी यंत्र आले आहे. त्याने काय बोलावे, हे लिहून ठेवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.